पानावरचा ओला डाग आणि बंद खिडकी

वाचकाचे पत्र, थोडक्यात

एका भगिनींच्या खिडकीशी ऑर्किडची नऊ झाडे आहेत. त्यांतले सर्वांत जुने, पांढऱ्या फुलांचे फॅलेनॉप्सिस त्यांच्या सासूबाईंनी वाढवलेले. सासूबाई दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या आणि झाड यांच्याकडे आले. यंदा प्रथमच त्याला फुलांचा दांडा आला असून त्यावर सात कळ्या आहेत. पाच दिवसांपूर्वी त्याच्या मधल्या एका पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा लहान डाग दिसला. दोन दिवसांत तो अर्ध्या पानभर पसरला, पान तिथे पाणी धरल्यासारखे मऊ झाले आणि त्याला कुजका वास येऊ लागला. त्यांनी बुरशीनाशकाची फवारणी दोनदा केली, पण उपयोग झाला नाही. आता खालच्या पानावरही तसाच ओला डाग दिसतो आहे. शेजारच्या झाडाच्या एका पानावर तपकिरी चट्टा आहे. ऑर्किडला दमट हवा लागते असे वाचल्यामुळे त्या सकाळ-संध्याकाळ सर्व पानांवर पाणी फवारतात आणि ओलावा टिकावा म्हणून खिडकी बंद ठेवतात. आजारी झाडाला पाचच पाने आहेत आणि ती कापायला हात धजत नाही. बाकीची झाडे जाण्याआधी हे टाकून द्यावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. सासूबाईंकडे हेच झाड उघड्या व्हरांड्यात टांगलेले असे. त्या आठवड्यातून दोनदा पाणी घालत, एरवी त्याला हातही लावत नसत, तरी ते दरवर्षी फुलत असे. ‘त्यांच्या हाताला गुण होता, माझ्या हाताला नाही,’ असे लिहून त्या विचारतात: कोणते औषध मारू? पाने कापू का? आणि दांड्याचे काय करू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

या उत्तरातला तातडीचा भाग मी तुम्हाला आधीच कळवला आहे, कारण हे सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणारा हा रोग नाही. ज्या वाचकांच्या घरी आज असाच डाग दिसत असेल, त्यांच्यासाठी तो पुन्हा लिहितो. झाड ताबडतोब इतर झाडांपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत न्यावे. घरातल्या कोणत्याही ऑर्किडच्या पानांवर पाणी फवारणे बंद करावे. आणि पानांच्या बेचक्यांत किंवा पोंग्यात, म्हणजे जिथून नवे पान निघते त्या मधल्या भागात, पाणी साचलेले असेल तर ते टिपकागदाने किंवा कापसाने टिपून घ्यावे. एवढे झाले की मग बसून विचार करता येतो.

कोणते औषध, हा तुमचा पहिला प्रश्न. पान सडले म्हणजे बुरशी आणि बुरशी म्हणजे बुरशीनाशक, असे त्यामागे गृहीत धरलेले आहे, आणि ते बहुतेक जण धरतात. पण ऑर्किडच्या पानावरचा प्रत्येक काळा किंवा तपकिरी डाग एका जातीचा नसतो, आणि एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर वाया जातो. तुम्ही वर्णन केलेला डाग, म्हणजे आधी तेलकट, मग पाणी धरलेला, बोट लावले तर खाली दबणारा, वास मारणारा आणि दोन दिवसांत अर्धे पान गिळणारा, हा बहुधा जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज आहे. हे जिवाणू पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे द्रव्यच विरघळवतात, म्हणून पान वाळत नाही, तर त्याचा लगदा होतो. बुरशीनाशकाची जिवाणूंवर सहसा मात्रा चालत नाही. उलट, ते औषध पाण्यात कालवून फवारले गेले म्हणजे आधीच भिजलेले पान आणखी दोनदा भिजले, आणि डागावर पडलेल्या थेंबांचे शिंतोडे खालच्या पानावर गेले असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही निष्काळजीपणा केला असे मी म्हणत नाही. रोग ओळखण्याआधी औषध हातात घेतले गेले, एवढेच.

मग इतर डाग कसे ओळखायचे? पिथियम आणि फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवांमुळे होणारी काळी कूज बहुधा मुळांपासून किंवा बुंध्यापासून सुरू होऊन वर चढते. तिचा रंग जांभळट काळा असतो आणि कडेला पिवळी झालर दिसते. बाजारात सर्रास मिळणारे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक या काळ्या कुजीवरही निरुपयोगी ठरते. तिथे मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम लागते. करप्याचा डाग कोरडा, किंचित खोलगट असतो, त्यात एकात एक वलये दिसतात आणि तो पुष्कळदा पानाच्या टोकाकडून सुरू होऊन सावकाश पुढे सरकतो. उन्हाने भाजलेला चट्टा आधी पांढरट, मग तपकिरी होतो, कागदासारखा पातळ आणि कोरडा असतो, पानाच्या उन्हाकडे वळलेल्या भागावरच असतो आणि ऊन हटवले की तिथेच थांबतो. सर्वांत खालचे एखादे पान सावकाश, सगळीकडून सारखे पिवळे पडत असेल तर तो रोगच नाही. ते पान म्हातारे झाले आहे, त्याला आपोआप गळू द्यावे.

रंगापेक्षा वेग अधिक विश्वासाने बोलतो. म्हणून मी एक अगदी साधी युक्ती वापरतो. काचेवर लिहायच्या पेनाने डागाच्या कडेने पानावर बारीक रेघ ओढायची आणि शेजारी तारीख लिहायची. चोवीस तासांनी डाग रेघेच्या आतच असेल तर घाई नको, विचार करायला वेळ आहे. रेघ ओलांडून तो बोटभर पुढे गेला असेल तर विचार पुरे, ब्लेड काढा. तुमच्या शेजारच्या झाडावरचा तपकिरी चट्टा मला वर्णनावरून उन्हाने भाजल्यासारखा वाटतो, कारण तो पाच दिवसांत वाढल्याचे तुम्ही कुठे लिहिलेले नाही. तरीही त्याच्याभोवती आजच रेघ ओढा आणि तेही झाड आठवडाभर बाजूला ठेवा.

आता दुसरा प्रश्न, पाने कापण्याचा. कापायचीच आहेत, आणि आजच. तुमचा हात का धजत नाही हे मी समजू शकतो. पाचांतली दोन पाने जाणे म्हणजे जवळजवळ निम्मे झाड जाणे, आणि फॅलेनॉप्सिसला वर्षाकाठी दोन-तीनच नवी पाने येतात. पण कापले नाही तर पाने वाचतात, हे गृहीतक खरे नाही. सडलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. त्याला राखणे म्हणजे जिवाणूंना पुढच्या पानापर्यंत पूल बांधून देणे आहे. जांभळ्या फुलांचे एक झाड मी याच हळवेपणाने गमावले आहे. पहिल्या दिवशी मी डागाला अगदी चिकटून, पान जास्तीत जास्त वाचेल अशा बेताने कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या कडेवर पुन्हा तीच चहाच्या रंगाची ओल होती. पुन्हा नखाएवढे कापले. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी मधले कोवळे पान वरून हिरवेगार दिसत होते, पण मी त्याला सहज दोन बोटांत धरले आणि ते काहीही जोर न लावता निघून हातात आले. त्याचे बूड तपकिरी, गुळगुळीत आणि ओले होते. पहिल्याच दिवशी दोन बोटे निरोगी पान जास्त कापले असते तर ते झाड बहुधा वाचले असते.

म्हणून कापताना डागाच्या दृश्य कडेपासून किमान दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी हिरवा भाग घेऊन कापा. कुजीची आघाडी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. डाग पानाच्या बुडाजवळ पोहोचला असेल तर अर्धे पान राखण्याच्या फंदात न पडता ते मध्यशिरेवरून टोकापासून बुडापर्यंत उभे चिरावे आणि दोन्ही भाग एकेका बाजूला ओढून बुंध्यापासून सोडवावेत; तसे केल्याने बुंध्याला जखम कमी होते. नवे ब्लेड घ्यावे, किंवा असलेले सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावे. ब्लेड ज्योतीवर धरूनही निर्जंतुक होते, पण ही दोन्ही साधने एका जागी वापरू नयेत, कारण अल्कोहोल क्षणात पेट घेते. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा पुसायचे, दोन झाडांच्या मध्ये तर नक्कीच. सर्व कापून झाल्यावर एकदा पुसणाऱ्या माणसाने पहिल्या पानाचा रोग स्वतःच दुसऱ्या पानाला टोचलेला असतो. कापलेले तुकडे खताच्या डब्यात किंवा दुसऱ्या कुंडीत टाकू नयेत. पिशवीत बांधून घराबाहेर काढावेत आणि हात साबणाने धुवावेत.

कापलेल्या कडेवर दालचिनीची बारीक पूड लावण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती चांगली आहे, कारण पूड जखम लवकर कोरडी करते आणि बुरशीला थोडाफार अटकाव करते. मात्र तिच्या या कोरडे करण्याच्या गुणामुळेच ती मुळांवर पडू देऊ नये. ऑर्किडची मुळे तिने सुकून जातात. तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर किंवा पोंग्यात एकदा वापरायला हरकत नाही, पण फेस येतो म्हणजे रोग मरतो अशा समजुतीने ते रोज ओतणे घातक आहे. ते निरोगी पेशींनाही जाळते. जिवाणूंवर घरच्या घरी वापरता येण्याजोगे औषध म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखे तांब्याचे औषध. त्याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते पानाच्या पृष्ठभागावर राहून निरोगी भागाचे रक्षण करते, आत शिरून सडलेला भाग बरा करत नाही, म्हणून ते कापण्याच्या ऐवजी नव्हे, तर कापल्यानंतर वापरायचे. आणि डेंड्रोबियमसारख्या काही ऑर्किडांना तांबे सोसत नाही. तुमच्या नऊ झाडांत डेंड्रोबियम असेल तर त्याला ते लावू नका, तसेच कोणत्याही झाडाच्या कळ्या-फुलांवर उडू देऊ नका. प्रमाण वेष्टनावर लिहिलेले असेल तेच घ्यावे, हातमोजे घालावेत आणि फवारणी सकाळी, हवा खेळती असताना करावी, म्हणजे पाने दुपारपर्यंत कोरडी होतील. तुमच्या झाडाला तर फवाऱ्याची गरजही नाही. औषधाची पातळ पेस्ट करून ती कापलेल्या कडांना ब्रशने लावली तरी पुरे.

दांड्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण पत्र वाचताना मला वाटले की तुमचा जीव खरा तिथेच अडकला आहे. सासूबाईंच्या झाडाला त्यांच्या पश्चात प्रथमच कळ्या आल्या आहेत, आणि त्या मी कापायला सांगेन की काय, ही भीती त्या ओळीत दिसते. इथे मी सरसकट नियम सांगणार नाही. पाने कापून झाल्यावर झाडाकडे पाहा. तीन भक्कम पाने उरली असतील, मुळे बहुतांशी टणक असतील आणि पुढचे चार-पाच दिवस नवा डाग दिसला नाही, तर दांडा राहू द्या. फार तर शेंड्याकडच्या दोन-तीन कळ्या खुडून झाडावरचा भार हलका करा. पण दोनच पाने उरली, किंवा मुळे निम्म्याहून अधिक गेलेली निघाली, तर दांडा बुडाशी एक-दोन पेरे ठेवून कापावा. फॅलेनॉप्सिसजवळ कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडसारखे फुगीर, अन्नपाणी साठवणारे कंद नसतात. त्याचा साठा पानांत आणि मुळांत असतो. ती गेल्यावर फुले फुलवणे म्हणजे शेवटची शिल्लक खर्चून टाकणे. कापलेला दांडा पाण्यात ठेवलात तर चांगल्या वाढलेल्या कळ्यांपैकी एखाद-दोन उमलतीलही. त्या झाडाची आठवण तुम्हाला पुढची अनेक वर्षे हवी असेल, तर यंदाच्या सात फुलांपेक्षा उरलेली पाने मोलाची आहेत, असे माझे मत आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळे घडले त्याकडे येतो. ऑर्किडला दमट हवा लागते, हे तुम्ही वाचलेत ते बरोबरच आहे. पण दमट हवा आणि ओले पान या एक गोष्टी नव्हेत, आणि तुमच्या खिडकीशी नेमकी यांचीच गल्लत झाली आहे. फॅलेनॉप्सिस जंगलात जमिनीत वाढत नाही, ते झाडांच्या खोडांना आणि फांद्यांना धरून राहते. पुष्कळ लोक त्याला बांडगूळ समजतात, पण बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते, ऑर्किड फक्त आधार घेते. तिथे पाऊस पडतो, पाने चिंब भिजतात, आणि सतत वाहणाऱ्या वाऱ्याने ती लवकरच सुकतातही. शिवाय ते झाड फांदीवर आडवे किंवा खाली झुकलेले असते, त्यामुळे पोंग्यात पडलेले पाणी निथळून जाते. आपण त्याला कुंडीत सरळ उभे करतो. मग तोच पोंगा वाटीसारखा पाणी धरून बसतो. त्यावर संध्याकाळी फवारणी आणि बंद खिडकी म्हणजे रात्रभर वाटीत पाणी आणि वारा शून्य. जिवाणू पानाच्या बारीकसारीक जखमांतून आणि रंध्रांतून आत शिरतात. काळ्या कुजीचे सूक्ष्म बीजाणू तर पाण्यात अक्षरशः पोहत जातात. पान कोरडे असेल तर दोघांचीही वाट अडते. जिवाणू हवेत, हातावर, पाण्यात कुठेही असू शकतात, आणि आपण त्यांना घरातून हद्दपार करू शकत नाही. आपल्या हातात आहे ते पान रात्री कोरडे ठेवणे.

ही चूक करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशांतून ऑर्किडे मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा तिथल्या माळ्यांनी ती तापवलेल्या, वाफेने भरलेल्या, घट्ट बंद काचघरांत ठेवली, कारण उष्ण प्रदेशाची त्यांची कल्पना तशीच होती. झाडे इतकी मेली की त्या काळाला उद्देशून, इंग्लंड म्हणजे उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांची स्मशानभूमी, असे म्हटले जाऊ लागले. पुढे इंग्लंडमधल्याच चॅट्सवर्थ इथल्या बागेत तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघराचे तापमान उतरवले, हवा खेळती केली, आणि तिथे ती झाडे तगू आणि फुलू लागली. तुमच्या सासूबाईंचा उघडा व्हरांडा हे काम काही न करता करत होता. झाड टांगलेले, म्हणजे सर्व बाजूंनी वारा. आठवड्यातून दोनदा पाणी, म्हणजे मुळांना मध्ये सुकायला वेळ. आणि पानांना कोणाचा हात नाही. त्यांच्या हाताला गुण होता हे मी नाकारत नाही, पण तो गुण म्हणजे थांबून राहण्याचा होता, आणि तुम्ही त्या झाडावर जितकी माया केलीत तितके पाणी त्यावर अधिक पडत गेले. हात तुमचाही चांगलाच आहे. आठ झाडे अजून उभी आहेत.

तेव्हा खिडकी दिवसा उघडा. बाहेरची हवा फार थंड, फार गरम किंवा धुळीची असेल आणि खिडकी उघडणे शक्य नसेल, तर लहान पंखा अगदी मंद गतीवर लावा, मात्र तो झाडांवर थेट न रोखता भिंतीकडे किंवा छताकडे वळवा. पाने सळसळली नाहीत तरी चालेल, फुलांचा दांडा किंचित डोलला म्हणजे हवा पुरेशी हलते आहे. कुंड्यांमध्ये एवढे अंतर ठेवा की एका झाडाचे पान दुसऱ्याला टेकणार नाही. एक साधा आर्द्रतामापक आणून झाडांशेजारी ठेवा. तो पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान आकडा दाखवत असेल तर आर्द्रतेसाठी काहीही करायचे नाही. आकडा सतत चाळीसच्या खाली असेल, तरच पसरट ताटात खडे घालून त्यात पाणी भरावे आणि कुंडी खड्यांवर ठेवावी, मात्र कुंडीचे बूड पाण्याला लागू देऊ नये. याने आर्द्रता थोडीच वाढते, पण पान भिजत नाही, हा या ताटाचा खरा फायदा.

पाणी नेहमी सकाळी घाला आणि ते कुंडीतल्या मिश्रणाला घाला, झाडाला नव्हे. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा मुळांना विचारणे चांगले. ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचे स्पंजासारखे जाड वेष्टन असते. ते कोरडे असताना चंदेरी पांढरे दिसते आणि पाणी प्यायले की आतला हिरवा रंग वर येतो. कुंडी पारदर्शक असेल तर हे बाहेरूनच दिसते. मुळे हिरवी असेपर्यंत थांबायचे, चंदेरी झाली की भरपूर पाणी ओतून पूर्ण निथळू द्यायचे. कुंडी पारदर्शक नसेल तर पाणी घातल्यावर आणि सुकल्यावर ती एकदा उचलून पाहा. चार-सहा वेळांत हाताला वजन कळू लागते. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. चुकून पोंग्यात पाणी गेलेच तर टिपून घ्या. शक्य असेल तर सासूबाईंसारखे झाड टांगा, किंवा पुढच्या वेळी कुंडी बदलताना ते थोडे तिरपे लावा, म्हणजे पोंगा आपोआप निथळेल.

कुंडी बदलण्याचा विषय निघाला आहे तर तुम्हाला एक प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर पत्रात नाही. हे झाड तुमच्याकडे येऊन दोन वर्षे झाली. या काळात मिश्रण बदलले आहे का? मिश्रणातले झाडाच्या सालीचे तुकडे एक-दोन वर्षांत कुजून बारीक होतात आणि मग मुळांभोवती हवा उरत नाही. एक तुकडा काढून बोटांत चुरा. तो टणक राहिला तर ठीक. पीठ झाले तर झाड कुंडीतून लगेच बाहेर काढा. मुळेही एकेक दाबून पाहा. निरोगी मूळ भरीव लागते. मेलेले मूळ पोकळ आणि पिचपिचीत लागते, आणि ते ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येते व आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. अशी सर्व मुळे निर्जंतुक कात्रीने कापून टाका, आणि एक ते अडीच सेंटिमीटर आकाराचे सालीचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा, हवे तर धुऊन घेतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे असे नवे मिश्रण वापरा. माती नको, आणि जुने मिश्रण धुऊन पुन्हा वापरणे तर मुळीच नको. कुंडी मुळांच्या जुडग्यापेक्षा जेमतेम मोठी असावी. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकत नाही. जुनीच कुंडी वापरायची असेल तर घासून धुऊन, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात अर्धा तास बुडवून, मग स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही साफ करायचे द्रव्य मिसळू नका. नव्या कुंडीत लावल्यावर जखमा सुकण्यासाठी तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. फॅलेनॉप्सिसला थेट ऊन नको, पण तो अंधारात राहणारा जीवही नाही. सुमारे दहा ते पंधरा हजार लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) त्याला मानवतात. भर दुपारी पानांच्या वर फूटभर अंतरावर तळहात धरा. सावलीच्या कडा मऊ पण ओळखण्याजोग्या दिसल्या तर प्रकाश बरोबर आहे. सावली काळी आणि रेखीव पडत असेल तर ऊन जास्त आहे, पडदा लावा. तुमच्या शेजारच्या झाडाच्या बाबतीत मला हीच शंका आहे. पाने गर्द काळपट हिरवी असतील तर प्रकाश कमी पडतो आहे, आणि अशा झाडाचे पाणीही उशिरा सुकते. तापमान दिवसा अठरा ते एकोणतीस अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून थोडे खाली राहिले की पुरे. गरम आणि दमट दिवसांत मऊ कूज सर्वांत वेगाने पसरते, तेव्हा त्या दिवसांत पाने रोज उलटून पाहत जा.

यजमानांच्या सूचनेवर तुम्ही रागावला आहात असे दिसते. पण बाकीच्या आठ झाडांची त्यांची काळजी अनाठायी नाही. झाड टाकावे की ठेवावे याची मर्यादा आजच, मन शांत असताना, दोघांनी मिळून ठरवा. माझ्या मते ती अशी असावी: दोनदा नीट कापूनही तिसऱ्यांदा कूज परतली, किंवा बुंधाच मऊ पडून तपकिरी पाणी सुटू लागले, तर ते झाड बांधून बाहेर काढावे. फक्त पोंगा गेला आणि खालची पाने व मुळे टणक राहिली, तर मात्र घाई करू नका. शेंड्याकडून ते झाड पुन्हा वाढणार नाही, परंतु काही महिन्यांत बुंध्याच्या बगलेतून किंवा राहिलेल्या दांड्याच्या पेरातून नवे पिल्लू फुटू शकते, आणि ते पिल्लू म्हणजे सासूबाईंचेच झाड असते, कारण ते बीजापासून नव्हे तर त्याच्याच अंगातून आलेले असते. इतर आठ झाडांवर तीन ते चार आठवडे रोज नजर ठेवा, आणि यापुढे घरात येणारे प्रत्येक नवे ऑर्किड तेवढेच दिवस वेगळे ठेवून मगच रांगेत लावा.

आजारी झाडाला ताकद यावी म्हणून खत द्यावे, असे तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. सध्या देऊ नका. नत्राने येणारी वाढ लुसलुशीत असते आणि कूज तिलाच आधी धरते; शिवाय जखमी मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत. वाट पाहायची ती मुळाच्या टोकाची. एखाद्या दिवशी सकाळी पाणी घालायला जाल तेव्हा चंदेरी मुळाच्या शेवटी नखाएवढे चकचकीत हिरवे टोक दिसेल. त्यानंतर समतोल खत, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने, दर दुसऱ्या पाण्याबरोबर सुरू करा.